आबांची पुस्तकांची पेटी: विकू, देऊ की ठेवू?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.
चोपडा तालुक्यात आमचं धाब्याचं जुनं घर आहे, दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. मी आणि मोठा भाऊ दोघंही जळगावात, फ्लॅटमध्ये. घरातली भांडीकुंडी, पाटे, जाती यांची वाटणी तासाभरात झाली पण माळ्यावर आबांची (आजोबांची) पत्र्याची मोठी पेटी आणि एक भिंतीतलं कपाट निघालं, दोन्ही पुस्तकांनी गच्च. मोजली, 312 भरली. आबा कापसाच्या जिनात (कापसातून सरकी काढायचा कारखाना) दिवाणजी होते, शिक्षण मराठी सातवी, पण वाचनाचं वेड असं की आजी म्हणायची माझी सवत पेटीत राहते.
काय काय आहे ते सांगतो. बांधलेली मासिकं, कव्हर गेलेल्या कादंबऱ्या, सुट्या पानांच्या पोथ्या, पंधरा-वीस वर्षांची पंचांगं, वैद्यकाची, शेतीची पुस्तकं, आणि एक मोडीतलं बाड जे घरात कोणालाच वाचता येत नाही. बऱ्याच पुस्तकांत आबांनी पेन्सिलीने लिहिलंय. कापसाच्या लागवडीवरचं एक पुस्तक आहे, लेखकाने दोन ओळींत किती अंतर ठेवा ते सांगितलंय आणि बाजूला आबांचं अक्षर, 'आपल्या काळीत चालत नाही. करून पाहिले.' त्याच पुस्तकात खुणेला एक गुलाबी चिठ्ठी आहे, जिनाची असावी, शाई पार उडालीय.
भाऊ म्हणतो रद्दीत घाल नाहीतर विक, फ्लॅटमध्ये आणू नको. बायको काही म्हणत नाही, जे जास्त भीतीदायक आहे. तर प्रश्न असे की यांना काही किंमत येते का, पहिली पानं गेलेली पुस्तकं कोणत्या सालची ते कसं कळायचं, आणि शेवटी करायचं काय?

मेहरुणची_बोरं
विकू नका हो दादा. विकल्यावर जो पश्चात्ताप होतो तो आयुष्यभर पुरतो. अनुभवाने सांगतेय, याहून जास्त विचारू नका.

जुनं_ते_सोनं
ताई भावनेच्या भरात बोलल्या, मी व्यवहाराचं बोलतो. वीस वर्षं जुनी पुस्तकं घेतो-देतो. लोकांचा मोठा गैरसमज असतो की जुनं म्हणजे महाग. तसं काही नाही. 312 मधली 280 अशी असतील की ज्यांना रद्दीचा भाव आणि वर चहा. पंचांगं कोणी घेत नाही. कव्हर गेलेली कादंबरी कोणी घेत नाही. बांधलेली मासिकं लोक घेतात पण अंक पूर्ण पाहिजेत आणि जाहिरातींची पानं बाइंडरने काढून टाकलेली नकोत, गंमत म्हणजे गिऱ्हाईक आता त्या जाहिरातींसाठीच येतं. पहिली आवृत्ती, लेखकाची सही, मूळ वेष्टण, यातलं काही असेल तर वेगळं काढा. आणि एक, घरी येऊन 'सगळं एकगठ्ठा उचलतो' म्हणणाऱ्याला पेटी उघडून दाखवू नका. तो पाच पुस्तकांचे पैसे देतो आणि उरलेली 307 त्याला फुकट पडतात. मी पण हेच करायचो म्हणून माहितीय 😀

खापरावरचे_मांडे
भो, मन्हा आजलानी बी अशीच पेटी व्हती. तिन्हामा उंदीरस्नी संसार मांडा. पुस्तकं गयात, पेटी उरनी. तिन्हामा आते बाजरी ठेवतस.

निवृत्त_ग्रंथपाल
साल कसं ओळखायचं ते सांगतो, हे माझं आवडतं काम.
पहिलं पान नसेल तरी पुस्तक बोलतं. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव असतं ते बघा. मलपृष्ठावर जाहिराती असतील तर किमती बघा, आणे दिसले की पुस्तक बहुधा 1957 च्या आधीचं, कारण त्या वर्षी 1 एप्रिलपासून नवे पैसे आले. मग शुद्धलेखन बघा. 'घरांत', 'कीं', 'नाहीं', असे पदोपदी अनुस्वार असतील तर साधारण 1962 च्या आधीचं, त्या साली लेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. अर्थात जुन्या वळणाचे लेखक नंतरही ते देत राहिले, त्यामुळे एवढ्यावरच शिक्का मारू नका. शके दिलं असेल तर त्यात 79 मिळवा.
आणि आपल्या भागासाठी खास खूण, रबरी शिक्के. शिक्क्यात 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' असेल तर तो शिक्का 1906 नंतरचा, कारण एका खानदेशचे दोन जिल्हे तेव्हा झाले. 1960 पासून तेच जळगाव आणि धुळे. नुसतं 'जिल्हा खानदेश' असेल तर पुस्तक जपून ठेवा, ते बहुधा शंभरी पार केलेलं आहे.

सदाशिव_पेठ_रिटर्न्स
काका, शकेत 78 मिळवतात. 79 नाही.

निवृत्त_ग्रंथपाल
जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत 79, पुढे 78. मी एकच अर्धा सांगितला, तुम्ही दुसरा. चूक माझीच, वर्षाचे नऊ महिने तुमचेच बरोबर.

सदाशिव_पेठ_रिटर्न्स
खानदेशात माणसं चूक कबूल करतात हे बघून भरून आलं.

शेवभाजी_कमी_तिखट
पुण्यात शेवभाजी मागितली तर टोमॅटोच्या रश्यात फरसाण टाकून देतात, ते पण कबूल करा एकदा.

सदाशिव_पेठ_रिटर्न्स
अवांतर नको. (कबूल.)

पाचोऱ्याची_लेक
पोथ्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे आजीची एक पोथी आहे, आडवी, सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या आणि तांबड्या रुमालात बांधलेली. चातुर्मासात आजी रोज संध्याकाळी ओसरीवर वाचायची आणि गल्लीतल्या बायका वाती वळत ऐकायच्या. पानांच्या उजव्या कोपऱ्याला हळदीचे बोट उमटलेत, जिथे पान धरून उलटायची तिथेच, आणि ते डाग फक्त पहिल्या वीसेक अध्यायांपर्यंत आहेत. पुढे बोटं स्वच्छ. आधी कळेना, मग आई म्हणाली नंतर स्वयंपाक मोठ्या काकूकडे गेला.
पण खरी गंमत शेवटच्या कोऱ्या पानावर. घरातल्या सगळ्या पोरांचे जन्म तिथे टिपलेत, तिथी, वार, 'कोंबडं आरवायच्या आधी', 'गाडी गेल्यावर' अशा वेळा. ती गाडी म्हणजे भुसावळची पॅसेंजर, ती रोज उशिरा यायची त्यामुळे माझ्या मामाची कुंडली आजवर जुळलेली नाही. आईचा शाळेतला जन्म 1 जून, सगळ्या महाराष्ट्राचा असतो तसा. पोथीत निघाला कार्तिक वद्य पंचमी. सत्तराव्या वर्षी आईला खरा वाढदिवस मिळाला, आता दोन्ही साजरे करते आणि दोन्हीला साडी घेते.
तर तापीकाठ, पोथ्या देण्याआधी शेवटची पानं नक्की बघा.

तापीकाठ
ताई, आत्ताच बघितली. एका पंचांगावर मुखपृष्ठाच्या आत लिहिलंय 'आज गाय व्याली. कालवड. चि. शांतारामास गोवर.' शांताराम म्हणजे माझे वडील. गाय आधी आली 😄

वाघूर_पार
मी वेगळं सांगतो, कडू लागेल. वडील गेल्यावर त्यांची चारशेच्या वर पुस्तकं एका वाचनालयाला दिली, नाव घेत नाही. हार घातला, फोटो काढला, 'आपल्या वडिलांच्या नावाचं कपाट करू' म्हणाले. दीड वर्षाने गेलो तर कपाट नाही, आणि पुस्तकं मागच्या जिन्याखाली पोत्यात. पोत्यावर स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या सायकली टेकवलेल्या. वडिलांच्या सहीचं एक पुस्तक मी पोत्यातून काढून शर्टात घालून घरी आणलं. म्हणजे दिलेलं पुस्तक चोरून आणलं. तेव्हापासून दान शब्द ऐकला की डोकं फिरतं.

निवृत्त_ग्रंथपाल
वाघूर, वाईट वाटलं वाचून, असं होतं हे नाकारत नाही. पण पलीकडची बाजू पण ऐका. छोट्या वाचनालयात एक माणूस तुटपुंज्या मानधनावर झाडण्यापासून नोंदणीपर्यंत सगळं करतो, अनुदान कधी येईल ते देव जाणे, आणि लोक पुस्तकं देत नाहीत तर घर रिकामं करतात. आमच्याकडे एकाने टेम्पो भरून आणला, त्यात गाईडं, जुन्या डायऱ्या आणि लग्नपत्रिका. पहिल्याच पुस्तकातून जिवंत विंचू निघाला.
देणगी द्यायची रीत अशी की आधी यादी द्या, पुस्तकं नंतर. यादी बघून ते म्हणतील ही तीस हवीत, मग तीसच द्या. आणि जे जिथलं तिथे द्या. मोडी बाड असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात आधी दाखवा. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच गेले, त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद जपायलाच हे मंडळ त्यांच्या नावाने उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड त्या माणसाने लोकांच्या माळ्यांवरच्या अशाच बाडांतून काढले, तुमच्या आबांच्या पेटीसारख्या. रामदासी परंपरेचं हस्तलिखित निघालं तर धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनी त्यापायी आयुष्य घालवलं. अमळनेरचं कोणी असेल तर साने गुरुजींच्या काळातली तिथली नियतकालिकं, शाळांचे अंक घरात आहेत का बघा, ते एकट्या घरात पडून राहण्यात अर्थ नाही.

कसर_विरुद्ध_मी
पुस्तकं कुठे जायची ती जावोत, आधी ती जिवंत तर राहू द्या. पेटीतून काढलेली पुस्तकं लगेच घरातल्या कपाटात ठेवू नका, एक कसर लागलेलं पुस्तक बाकी सगळ्यांना प्रसाद देतं. चंदेरी, शेपटीला तीन केस, प्रकाश पडला की सुळकन पळते, तीच कसर. ती वरवर कुरतडते, खळ आणि गुळगुळीत कागद तिला आवडतो. आरपार गोल भोकं असतील तर तो किड्याच्या अळीचा उद्योग, आणि मातीचे बोगदे म्हणजे वाळवी, मग पुस्तक सोडा, घर बघा.
किड्यांवर माझा उपाय म्हणजे डीप फ्रीजर. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून पक्कं बंद करायचं, दोन आठवडे आत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर कागदावर पाणी सुटतं. आमच्याकडे यावरून महाभारत झालं, आई म्हणे मटार ठेवू का तुझा ग्रंथ, शेवटी आइस्क्रीमवाल्या मित्राच्या फ्रीजरमध्ये ठेवली.
उन्हात अजिबात वाळवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पापड वाळवायच्या खाटेवर पुस्तकं पण टाकायची पद्धत आहे, 45 डिग्रीत. मी स्वतः केलंय. पापड चांगले झाले, पुस्तकाची पानं पापडासारखी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात आम्ल असतं, ऊन-उकाडा लागला की तो पिवळा पडून तुकडे पडतात. त्याआधीचा चिंध्यांचा हातकागद आजही मऊ आहे. म्हणून आजोबाच्या पुस्तकापेक्षा खापरपणजोबाची पोथी धडधाकट असते. महायुद्धाच्या काळातली पुस्तकं तर सगळ्यात वाईट, तेव्हा कागदावर नियंत्रण होतं, मिळेल त्यावर छापलं.
सेलोटेप लावाल तर माझी शपथ आहे.

जुनं_ते_सोनं
सेलोटेपबद्दल +1. चांगल्या पुस्तकाचा निम्मा भाव टेपने जातो. आमचा जुना बाइंडर गव्हाच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, ती बांधणी अजून किड्याने शिवलेली नाही.

कसर_विरुद्ध_मी
मोरचूद विषारी आहे दादा, घरात लहान पोरं असतील तर नको. नुसती खळ आणि पातळ जपानी टिशू, फाटलेल्या रेघेपुरता. डांबराच्या गोळ्या पण कमी करा, त्या वासाने किडा मरायच्या आधी वाचक मरतो.

खापरावरचे_मांडे
आम्हनाकडे वेखंड ना निंबना पाला ठेवतस. पुस्तक टिकनं नही पन वास भारी ये.

गिरणाकाठी
विषय निघालाय तर, माझ्याकडे 1880 चं खानदेशचं गॅझेटियर आहे, मुंबई इलाख्याचा बारावा खंड, मूळ छपाई. वडिलांना एका वकिलाच्या घरून मिळालं. नकाशा कोणीतरी ब्लेडने कापून नेलाय, त्याला माझे शाप. काय किंमत येईल?

जुनं_ते_सोनं
नकाशा असता तर बोललो असतो. मजकूर आता शासनाने नेटवर फुकट ठेवलाय, त्यामुळे वाचायला कोणी विकत घेत नाही, घेतो तो वस्तू म्हणून. आणि वस्तूला ब्लेड लागलंय.

कोर्टाची_पायरी
स्कॅन करून नेटवर टाकायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायचा. म्हणजे साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2011 पासून मोकळं. बालकवी तर 1918 लाच गेले, भादली स्टेशनजवळ, धरणगावचा माणूस. पण 1955 चं पुस्तक आहे म्हणून जुनं समजून टाकाल आणि लेखक 1990 पर्यंत जगलेला असेल तर फसाल. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वर्ष वेगळं बघा. आबांच्या पेन्सिलीच्या नोंदी मात्र तुमच्या घरच्या, त्या बिनधास्त टाका, आम्हाला त्याच वाचायच्यात.

तापीकाठ
मंडळी, एक लफडं झालंय.
काल ग्रंथपाल काकांच्या सांगण्याप्रमाणे शिक्के बघत बसलो. ते कापसाचं पुस्तक, ज्यात आबांनी 'करून पाहिले' लिहिलंय, त्याच्या सतराव्या पानावर जांभळा गोल शिक्का. एका सार्वजनिक वाचनालयाचा, खाली 'पूर्व खानदेश'. आत हाताने लिहिलेला दाखल क्रमांक. हे पुस्तक वाचनालयाचं आहे. आबांनी परत केलंच नाही!! ज्या माणसाने आम्हाला शेजाऱ्याच्या शेतातली कैरी उचलली म्हणून उन्हात उभं केलं होतं!! वाचनालय अजून चालू आहे, नाव सांगत नाही. आता काय करू?

शेवभाजी_कमी_तिखट
रोज एक पैसा दंड धरला तरी सत्तर वर्षांचे अडीचशे रुपये. आबांचे संस्कार दाखवा, ऑनलाइन भरून टाका.

सदाशिव_पेठ_रिटर्न्स
सुट्टीचे दिवस वगळून.

वाघूर_पार
परत करू नका. जिन्याखालचं पोतं आठवा. आबांनी ते वाचलं, शेतात करून पाहिलं, सत्तर वर्षं सांभाळलं. पुस्तकाचं ज्याने चीज केलं त्याचं ते.

पाचोऱ्याची_लेक
वाघूर दादा, मग प्रत्येक पुस्तकचोर हेच म्हणेल की. तुम्ही शर्टात घालून आणलंत ते तुमच्या वडिलांचं होतं, हे तसं नाही. मी परत केलं असतं. फोटो काढून ठेवला असता पण परत केलं असतं.

जुनं_ते_सोनं
व्यवहाराचं सांगू का? शिक्क्याचं पुस्तक, 'रद्द' असा दुसरा शिक्का नसेल तर आम्ही घेतच नाही. बाकी तुम्ही आणि तुमचे आबा.

निवृत्त_ग्रंथपाल
भांडू नका. पुस्तक घेऊन जा आणि दाखल नोंदवही बघायला मागा. जुन्या नोंदवह्या सहसा फेकत नाहीत. क्रमांकासमोर शेवटी 'शेरा' म्हणून रकाना असतो. सगळ्या भानगडी तिथे लिहिलेल्या असतात.

मेहरुणची_बोरं
मी तीन दिवस झाले हा धागा रिफ्रेश करतेय. दादा गेलात का?

तापीकाठ
गेलो. आज सकाळीच. भाऊ पण आला, जो म्हणत होता रद्दीत घाल, तोच गाडी चालवत होता आणि वाटेत दोनदा म्हणाला 'आबा असं करणार नाहीत.'
वाचनालयातल्या बाई चांगल्या निघाल्या. आधी वाटलं आम्ही वर्गणी मागायला आलोय. मग त्यांनी कपाटाखालून लांबलचक वही काढली, कापडी पुठ्ठा, कोपरे उंदराने खाल्लेले. बोट फिरवत त्या क्रमांकावर आल्या. पुस्तकाचं नाव, किंमत दोन रुपये, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात 'वाचकाकडून गहाळ. मूल्य व दंड जमा. 14-6-52.'
भाऊ खुर्चीवर बसला. मी म्हटलं बाई, म्हणजे हे आमचंच झालं का? त्या म्हणाल्या आमच्या दप्तरी तर हे पुस्तक हरवलेलं आहे, हरवलेलं पुस्तक परत घ्यायला आमच्याकडे रकाना नाही.

सदाशिव_पेठ_रिटर्न्स
हरवलेलं नव्हतंच ते. पेरणीच्या तोंडावर माणसाला पुस्तक हवं होतं, दुकानात मिळत नसणार. खोटं बोलून का होईना रोखीने घेतलं. आबांना साष्टांग.

पाचोऱ्याची_लेक
किंवा खरंच हरवलं आणि नंतर सरकीच्या ढिगात सापडलं. मी आबांच्या बाजूने आहे.

जुनं_ते_सोनं
ते कापसाचं पुस्तक विकणार असाल तर आता मी घेतो. शेऱ्याच्या फोटोसकट.

तापीकाठ
नाही विकणार 🙂
बाकीचं असं ठरलंय. मोडी बाडाचे फोटो धुळ्याला दाखवणार, मग ते सांगतील तसं. पोथ्या आत्याकडे, ती अजून वाचते. मासिकांची यादी करतोय, त्यात पाचोऱ्याच्या ताईंसारखी कोणाची हळदीची बोटं निघाली तर कळवतो. शे-सव्वाशे पुस्तकं खरंच गेलेली आहेत, पानं हातात येतात, ती रद्दीत जातील, वाईट वाटतं पण इलाज नाही. पेन्सिलीच्या नोंदी असलेली 43 निघाली, ती वाटून घेतली, 22 भावाकडे गेली. हो, ज्याला एकही नको होतं त्याला एक जास्त. बायकोने दिवाणाखालचा कप्पा रिकामा करून दिला, न मागता.
आणि ती गुलाबी चिठ्ठी आठवतेय ना, मी जिनाची समजलो होतो? आत्ता रात्री मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचली. शाई गेलीय पण टाकाचा दाब कागदावर आहे. पावती आहे. मूल्य रुपये दोन, दंड आणे आठ.

निवृत्त_ग्रंथपाल
ती काढू नका. ज्या पानावर होती त्याच पानात ठेवा. कितवं पान?

तापीकाठ
61. 'आपल्या काळीत चालत नाही'वालंच.